चार वर्षांचं मूल पाट्या वाचतं, आता पुढे काय? घरातल्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न करताना

पीएचडी करणाऱ्या माणसाला नातेवाईक काहीही विचारतात. तब्येतीचं, शेअर बाजाराचं आणि मुलांच्या शाळांचं तर हमखास. "मुलगी चार वर्षांची आहे, दुकानाच्या पाट्या वाचते, शंभरपासून उलटे आकडे म्हणते. बालवाडीत कंटाळते. हिला कुठे घालू?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात माझ्याकडे तीन वेगवेगळ्या घरांतून आला. माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली, त्यामुळे शाळांची नावं सांगण्यापेक्षा या प्रश्नाच्या आत काय काय दडलंय, ते मला जास्त दिसतं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट, नेट, सेटची तयारी करताय आणि 'विषय कसा निवडायचा' यावर अडकलाय. म्हणून हाच घरगुती प्रश्न घेऊ आणि त्याचे तुकडे करू. "कुठे घालू" या दोन शब्दांत किमान चार प्रश्न आहेत. मूल पुढे आहे हे आपल्याला कशावरून कळलं? ते तसंच पुढे राहील का? त्याला नेमकं काय मिळायला हवं? आणि ते आपल्या आसपास मिळतं का? चौघांची उत्तरं वेगवेगळ्या प्रकारच्या पुराव्यातून येतात. त्यांची सरमिसळ झाली की सल्ला चुकतो, आणि त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागते.

पहिला प्रश्न : मोजलं काय?

बुद्धिमापन चाचणीची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी ती तयार केली, ती शाळेत ज्या मुलांना जादा मदत लागेल त्यांना ओळखण्यासाठी. हुशार मुलं निवडणं हा तिचा मूळ हेतूच नव्हता. पुढे अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची स्टॅनफर्ड-बिने आवृत्ती केली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. बिने-कामत चाचणी हे नाव आजही मानसशास्त्रज्ञांच्या रिपोर्टमध्ये दिसतं.

जुन्या पद्धतीत बुद्ध्यांक म्हणजे मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. आता आकडे घालून बघा. तीन वर्षांचं मूल एका वर्षाने पुढे असेल तर ४ भागिले ३, म्हणजे १३३. दहा वर्षांचं मूल तेवढंच, एका वर्षाने पुढे असेल तर ११ भागिले १०, म्हणजे ११०. 'एक वर्ष पुढे' ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच, पण लहान मुलाचा आकडा कितीतरी मोठा दिसतो. कारण हर लहान आहे. म्हणून आधुनिक चाचण्यांनी हे सूत्र सोडलं. त्या मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांच्या वितरणाशी करतात, जिथे सरासरी १०० आणि प्रमाण विचलन सहसा १५ धरतात. तेव्हा कोणी "बुद्ध्यांक १४५ आलाय" म्हणालं, तर आधी विचारा : कोणती चाचणी, कोणतं सूत्र आणि नॉर्म्स कोणत्या सालचे?

नॉर्म्सचं साल का विचारायचं? जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली अमेरिकेतली माहिती तपासून दाखवलं की चाचण्यांवरची सरासरी कामगिरी दर दशकाला साधारण ३ गुणांनी वर सरकत होती. प्रत्येक देशात वेग वेगळा आहे, पण तत्त्व एकच. चाळीस वर्षं जुन्या नॉर्म्सशी आजच्या मुलाची तुलना केली, तर काही गुण फुकटात मिळतात.

दुसरी गोष्ट वर्गातली. नर्सरीच्या एकाच वर्गात ३६ महिन्यांचं मूल असतं आणि ४७ महिन्यांचंही. मोठ्याने धाकट्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के जास्त आयुष्य जगलेलं असतं! बाईंना मोठं मूल 'शार्प' वाटणारच. हा फरक पुढेही लगेच पुसला जात नाही. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ डुए यांनी २००६ मध्ये अनेक देशांची आकडेवारी घेऊन दाखवलं की वर्गात वयाने लहान असणारी मुलं चौथीत आणि आठवीतही सरासरीने मागे असतात. म्हणून 'वर्गात पहिली' हे ऐकलं की जन्मतारीख विचारायची.

तिसरी गोष्ट म्हणजे 'वाचते' हा शब्द. गॉ आणि टनमर यांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं : वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषेचं आकलन. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, म्हणजे एक घटक शून्य असेल तर सगळंच शून्य. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बऱ्यापैकी सरळ आहे, त्यामुळे एखादं मूल फार लवकर घडाघडा वाचू लागतं. तपासायला घरच्या घरी दोन गोष्टी पुरतात. एक, 'ढबळूक' किंवा 'मिपोटा' असा निरर्थक शब्द लिहून द्या. तो वाचला तर मूल खरंच अक्षरं उलगडतंय, पाट्या चित्रासारख्या पाठ केलेल्या नाहीत. दोन, न ऐकलेली छोटी गोष्ट वाचायला द्या आणि "मांजर का पळालं असेल?" असं विचारा. पहिलं जमतं, दुसरं अजिबात जमत नाही, शिवाय बोलणं किंवा इतरांत मिसळणं वयाच्या मानाने मागे आहे, असं असेल तर शाळा शोधण्याआधी विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. अशा वाचनाला हायपरलेक्सिया म्हणतात आणि त्या मुलाला लागणारी मदत वेगळी असते.

दुसरा प्रश्न : आकडा किती टिकतो?

शाळेआधीच्या वयात मिळालेला गुणांक मोठ्या वयातल्या गुणांकाइतका स्थिर नसतो, हे बालविकासाच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. चार वर्षांचं मूल चाचणीच्या दिवशी भुकेलं असतं, लाजतं, किंवा समोरच्या ठोकळ्यांची गाडी करून खेळत बसतं.

याचा अर्थ आकड्यांत बघू. समजा, चौथ्या वर्षीचा आणि बाराव्या वर्षीचा गुणांक यांच्यातला सहसंबंध ०.६ आहे. हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय. चौथ्या वर्षी १४० मिळालेल्या मुलांचा बाराव्या वर्षीचा अपेक्षित गुणांक किती? १०० अधिक ०.६ गुणिले ४०, म्हणजे १२४. त्याभोवतीचं प्रमाण विचलन १५ गुणिले ०.८, म्हणजे १२. मग अशा मुलांपैकी बाराव्या वर्षीही १४० च्या वर राहणारी साधारण ९ टक्केच.

नीट वाचा हं, मुलं 'मठ्ठ झाली' असं यातलं काहीही सांगत नाही. १२४ हा गुणांक चांगलाच वरचा आहे. टोकाचं मोजमाप दुसऱ्या वेळी सरासरीकडे सरकतं, एवढंच. यालाच सरासरीकडे परतणं म्हणतात. पण घरात काय होतं? चौथ्या वर्षी 'जीनियस' हा शिक्का बसतो आणि बाराव्या वर्षी आईबाबा विचारतात, "हिचं काय बिनसलं?" बिनसलेलं काहीच नसतं. सहसंबंध एकपेक्षा कमी होता, बस. तुमच्या प्रबंधात 'सर्वांत कमी गुणांच्या मुलांवर प्रयोग केला आणि ती सुधारली' असा निष्कर्ष निघाला, तर हेच गणित आधी आठवा. तुलना-गट नसेल तर ती सुधारणा तुमच्या प्रयोगाची की सरासरीकडे परतण्याची, हे सांगताच येत नाही.

उलट बाजूही आहे. टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातल्या सुमारे दीड हजार हुशार मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांचीही लहानपणी त्या अभ्यासासाठी चाचणी झाली होती, पण गुण कमी पडले म्हणून निवड झाली नाही. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चाळणी कितीही बारीक केली तरी तिच्यातून काही दाणे निसटतात.

तिसरा प्रश्न : मिळायला काय हवं? एक केस वाचू

गणितज्ञ टेरेन्स टाओ यांचं बालपण या विषयातलं बहुधा सर्वांत नीट नोंदलेलं उदाहरण. जन्म १९७५, ॲडलेड, ऑस्ट्रेलिया. वडील बालरोगतज्ज्ञ, आईचं शिक्षण गणित आणि भौतिकशास्त्रातलं. टेरेन्स यांना २००६ साली फील्ड्स पदक मिळालं. पण त्याआधी बावीस वर्षं, १९८४ मध्येच, केन क्लेमेंट्स यांनी गणितशिक्षणाच्या एका संशोधनपत्रिकेत या मुलावर लेख लिहिला होता. त्यानंतर मिराका ग्रॉस यांनीही त्यांच्यावर लिहिलं.

दोन वर्षांचा टेरी इतर मुलांना ठोकळ्यांवरून आकडे शिकवत होता. 'सेसमी स्ट्रीट' बघून शिकलो, म्हणाला. साडेतीन वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला एका खासगी शाळेत, मोठ्या मुलांच्या वर्गात घातलं. आणि काही आठवड्यांतच काढून घेतलं. डोकं पुढे होतं, पण इतका वेळ मोठ्या मुलांत बसण्याची त्याची तयारी नव्हती. मग त्याने वयाला साजेशा बालवाडीत पुढचं दीड वर्ष काढलं आणि त्याच काळात घरी आईच्या सोबतीने प्राथमिक शाळेचं जवळजवळ सगळं गणित पुरं केलं. पाचव्या वर्षाच्या सुमारास तो सरकारी प्राथमिक शाळेत गेला. तिथले मुख्याध्यापक लवचीक होते, म्हणून तो वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळ्या इयत्तांत बसायचा. पुढेही त्याला एकदम विद्यापीठात ढकललं नाही. 'सर्वांत लहान पदवीधर' असा विक्रम करायची वडिलांना घाई नव्हती.

या केसमधून दोन गोष्टी दिसतात. एक, पहिली निवड चुकू शकते आणि ती दुरुस्त करता येते. दोन, आईवडिलांनी 'वरचा वर्ग की वयाचा वर्ग' यातून एक निवडलं नाही. त्यांनी प्रश्न फोडला. खेळ आणि सोबत वयाची, गणित पातळीचं. या असमान वाढीकडे लीटा हॉलिंगवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लक्ष वेधलं होतं. विचार मोठ्या माणसाचा, भावना लहान मुलाच्या, आणि राहायचं एकाच शरीरात. चार वर्षांचं मूल मृत्यूबद्दल प्रश्न विचारतं, आणि पाचव्या मिनिटाला पेन्सिल नीट धरता येत नाही म्हणून रडतं. दोन्ही खरं असतं.

आता संशोधक म्हणून पुढचा प्रश्न. टाओंच्या आईवडिलांनी केलं तसं सगळ्यांनी करावं, असं या केसवरून म्हणता येईल का? नाही. टाओंचं बालपण आपण वाचतो कारण ते टाओ झाले. दोन वर्षांचे असताना आकडे शिकवणारी आणखी किती मुलं होती, त्यांचं काय झालं, हा हर आपल्याकडे नाही. शिवाय किती घरांत गणित शिकवू शकणारी आई आणि वेळ, दोन्ही असतात? केस स्टडी शक्यता दाखवते. प्रमाण दाखवायला वेगळा अभ्यास लागतो.

तसा एक अभ्यास सांगते. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतल्या बालवाडीच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाने १ ते १० आकडे सरळ रेषेत असलेला पट खेळला, दुसऱ्याने तसाच पण रंगांचा. पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं, दोन आठवड्यांत. आकड्यांच्या पटावर खेळलेल्या मुलांची संख्यांची समज वाढली, रंगांच्या पटाने तसं झालं नाही. किती स्वस्त उपाय आहे बघा! पण इथेही दोन सावधगिरी. हा अभ्यास 'हुशार' ठरवलेल्या मुलांवर नव्हता. आणि आपली सापशिडी सरळ रेषेतली नाही, ती ओळीगणिक दिशा बदलते. तेव्हा 'संशोधन सांगतं सापशिडी खेळा' असं लिहिलंत, तर ते त्या अभ्यासाच्या पलीकडचं विधान होईल.

चौथा प्रश्न : इथे काय मिळतं?

महाराष्ट्रात प्रज्ञावंत मुलांसाठीचं काम नवं नाही. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. पण तिची प्रशाला पाचवीपासून सुरू होते. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी. म्हणजे शोध आणि संधी यांची आपली जवळजवळ सगळी यंत्रणा मूल दहा-अकरा वर्षांचं झाल्यावर जागी होते. तीन ते सहा या वयासाठी 'कुठे घालू' याचं तयार उत्तर फारसं नाही.

वरच्या इयत्तेत लवकर प्रवेश घ्यावा, तर वयाचे नियम आड येतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ हा पायाभूत टप्पा आहे आणि पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हवीत. आणि कोणी शाळा प्रवेशासाठी चिमुरड्यांची परीक्षा घेत असेल, तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १३ अशा चाळणीला मनाई करतं, हे माहीत असू द्या.

मग उरतं काय? प्रश्न बदलायचा. 'कुठे' ऐवजी 'काय'. टाओंच्या केससारखा फोडून :

१. सोबत : मिश्र वयोगटाची बालवाडी मिळाली तर उत्तम. मॉन्टेसरी पद्धतीत तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्रच असतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि नंतर कोसबाडला बालवाडी उभी केली, ती स्थानिक वस्तूंतूनच. पानं, बिया, शिंपले. शाळा बघायला जाल तेव्हा वर्ग किती चकचकीत आहे ते बघू नका. मुलाने आडवा प्रश्न विचारला की बाई काय करतात, ते बघा.

२. पातळी : मूल वाचत असेल तर त्याला पुन्हा 'अ'वर हात गिरवायला लावण्यात अर्थ नाही. बाईंशी बोलून त्या वेळात पुस्तक देता येतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार फुकट आहेत.

३. हात : डोकं पुढे आणि बोटं मागे, तर बोटांना काम द्या. कणीक, माती, कात्री, गाठी. अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून खेळणी यासाठीच आहेत आणि त्यांची मराठी पुस्तकंही इंटरनेटवर मोफत मिळतात.

४. प्रश्नांना उत्तर देणारं माणूस : आजोबा, शेजारची बारावीतली ताई, कोणीही. "मला माहीत नाही, चल शोधू" म्हणणारं हवं. संशोधनाची पहिली ओळख इथेच होते.

यादीत नसलेल्या गोष्टीही सांगते. 'मोझार्ट इफेक्ट'चा मूळ पेपर १९९३ साली 'नेचर'मध्ये आला. त्यात ३६ कॉलेजचे विद्यार्थी होते आणि परिणाम पंधरा मिनिटांच्या आसपास टिकला. बाळांचा त्यात संबंधच नव्हता! डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेनचे वर्ग आणि बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या चाचण्या यांना तर शास्त्रीय आधारच नाही. त्या फीमध्ये दोन वर्षांची पुस्तकं येतात.

आणि जिच्याबद्दल कोणी विचारत नाही ती?

माझ्याकडे आलेले तिन्ही प्रश्न शिकलेल्या, पुस्तकं असलेल्या घरांतून आले. ही तीन घरं म्हणजे नमुना नव्हे, निवडीतला पूर्वग्रह आहे. ज्या घरात आई पहाटे कामाला जाते, तिथलं मूल किराणा दुकानात मनातल्या मनात हिशोब करत असेल, तर त्याला 'गिफ्टेड' कोण म्हणणार? "आगाऊ आहे" म्हणतील.

डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांचा २०१६ चा अभ्यास जरूर वाचा. फ्लोरिडातल्या एका मोठ्या जिल्ह्यात आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवतील त्याच मुलांची प्रज्ञावंत कार्यक्रमासाठी चाचणी व्हायची. मग दुसरीच्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी घेतली. गरीब आणि अल्पसंख्य समाजांतल्या मुलांचं प्रमाण बरंच वाढलं. ही मुलं आधीही त्याच शाळांत होती. त्यांचं नाव कोणी सुचवलं नव्हतं, एवढंच.

आपल्याकडे १९७५ पासून अंगणवाडी आहे, गावोगाव आणि वस्तीवस्तीत. अंगणवाडी सेविका तिथे मुलांची वजनं नोंदवते. कोणतं मूल जास्त प्रश्न विचारतं, याची नोंद कशी करायची, ती नोंद किती विश्वासार्ह असेल, मराठीबरोबरच कोकणी, गोंडी, भिली, पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी ती न्याय्य कशी ठेवायची? यातला प्रत्येक प्रश्न एका प्रबंधाएवढा आहे. विषय मिळत नाही म्हणणाऱ्यांनी जवळच्या अंगणवाडीत परवानगी घेऊन एक सकाळ बसून बघा.

तोपर्यंत एक सराव. "हुशार मुलांना लवकर शाळेत घालावं का?" हे वाक्य वहीत लिहा आणि त्याचे तुकडे करा : हुशार कोण, कशाने मोजलं, लवकर म्हणजे किती, तुलना कोणाशी, परिणाम कोणता आणि किती वर्षांनी. सहा रिकाम्या जागा भरल्या की तुमचा संशोधन-प्रश्न तयार. आणि एखाद्या आईने तोच प्रश्न विचारला, तर तिलाही या सहा जागा दाखवा. उत्तर तिचं तीच शोधेल, आणि मूल जसं आहे तसं तिला जरा जास्त स्पष्ट दिसेल.